कारणाचा रकाना

आमच्या दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या रजिस्टरला पाच रकाने होते. तारीख, नाव, वय, जखम आणि कारण. पहिले चार रकाने कुणीही भरू शकलं असतं. पाचवा भरायला डोईफोडे सिस्टर लागायच्या.

आडनाव खरंच डोईफोडे होतं. नवीन पेशंट ते ऐकून चमकायचा, तेव्हा त्या हातातली पट्टी गुंडाळत म्हणायच्या, "सासरच्यांनी फोडायचं नाव लावलंय. बांधायचं काम मी शोधलं." बुटकी, रुंद बांध्याची बाई. पांढरी साडी आणि पायांत पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. दातांखाली सतत एक लवंग. बोलताना ती या गालातून त्या गालात जायची आणि मगच वाक्य पुरं व्हायचं.

गारखेड्याच्या पुढं, जिथं तेव्हा शहर संपून ज्वारीची रानं लागायची, तिथं एका ट्रस्टनं हा दवाखाना काढला होता. मी खिडकीत बसून केसपेपर लिहायचो. डॉक्टर सकाळी दोन तास यायचे. उरलेला दिवस दवाखाना म्हणजे सिस्टर. दुष्काळाची ती वर्षं. जालना, बीडकडून माणसं ट्रकमध्ये संसार घालून यायची. बाप्ये वाळूजच्या कारखान्यांत कंत्राटावर लागायचे. रानात चुन्याच्या रेघा मारून गुंठेवारीतले प्लॉट पडायचे, आणि आज रेघ दिसली तिथं पुढच्या महिन्यात पत्र्याची खोली उभी असायची. खोली यायची, पाणी यायचं नाही.

मी नोकरीला लागून आठवडा झाला असेल. महिन्याचा तक्ता करायला रजिस्टर उघडलं तर एका बाईच्या नावापुढं लिहिलेलं, 'डाव्या भुवईवर जखम. रुग्ण सांगते, जिन्यावरून पडली. घराला जिना नाही.'

मला वाटलं काहीतरी घोटाळा झालाय. रजिस्टर घेऊन आत गेलो. "सिस्टर, हे काय लिहिलंय?"

"खरं हाय ते."

"पण जिना नाही हे तुम्हाला काय माहीत?"

"काल ड्युटी सुटल्यावर जाऊन आले," त्या म्हणाल्या. "पत्र्याची एक खोली हाय, जोशीभाऊ. उंबरासुद्धा नाय तिला."

मी तक्त्यात काय लिहू, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या तक्त्यात जखमा मोजायच्यात ना? मोजा. कारण मी सांभाळते."

पुढं मी ते रजिस्टर मागं मागं चाळत गेलो. 'टँकरच्या गर्दीत पडली. त्या दिवशी टँकर आला नव्हता.' 'दार लागलं. दाराच्या जागी पडदा आहे.' 'म्हशीनं मारलं. म्हैस गेल्या वर्षी विकली.' वळणदार, सावकाश अक्षर. कुठं शेरा नाही की हळहळ नाही. पेशंटनं सांगितलं ते एक वाक्य, आणि सिस्टरांनी जाऊन पाहिलं ते दुसरं.

बाईबरोबर नवरा किंवा सासू आली असेल तर सिस्टर तिला काहीच विचारायच्या नाहीत. आधी त्या माणसाला बाहेर काढायच्या. नवऱ्याला चिठ्ठीवर असं काही लिहून द्यायच्या, की जवळच्या मेडिकलात ते हमखास मिळणार नाही. तो त्रिमूर्ती चौकापर्यंत जाऊन यायचा. सासूला म्हणायच्या, "मावशी, तुम्हाला रक्त बघून चक्कर येईल. मग मला दोन पेशंट." मग पडदा ओढायच्या. पडद्याआडून येणारा त्यांचा आवाज मला खिडकीत ऐकू यायचा. वाक्य ठरलेलं असे. "लागलंय कुठं ते मला दिसतंय. कसं, ते तू सांग. नसंल सांगायचं तर नको सांगू. मी दर बारीला विचारणार."

आणि त्या खरंच दर वेळी विचारायच्या. एका बाईला त्यांनी चार वर्षं विचारलं. चौथ्या वर्षी ती म्हणाली, "सिस्टर, बसा. सांगते."

दवाखान्यात 'बिचारी' हा शब्द बोलायची सोय नव्हती. एकदा माझ्या तोंडून निघाला. त्या बोळा हातात तसाच धरून बाहेर आल्या. "बिचारी म्हणायचं नाय इथं. मंगल नाव हाय तिचं. तुम्हीच लिवलंय ना केसपेपरवर?"

लोकांना वाटे, या बाईनं स्वतः खूप सोसलं असणार. मीही तसंच धरून चाललो होतो. त्यांचे मिस्टर एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, अबोल माणूस. सिस्टरांचा डबा तेच करायचे आणि कधी राहिला तर सायकलवर आणून द्यायचे. मी एकदा चाचरत विषय काढला, तर सिस्टर हसल्या. "माझ्या अंगाला कुणी बोट लावलं नाय कधी. ना माहेरी, ना सासरी. म्हणून काय मला दिसू नये?"

गुरुवारी दुपारी त्या बीपी तपासायच्या. दवाखान्याच्या मागं पत्र्याचं शेड होतं, तिथं सतरंजी टाकायची. बायका यायच्या, हाताला पट्टा बांधून घ्यायच्या, आणि उठायच्याच नाहीत. मैत्रिणीला भेटायला जाते म्हटलं तर घरातून कुणी सोडत नसे, पण बीपीला कोण नाही म्हणणार? वस्तीत बावीस-पंचवीस वर्षांच्या एवढ्या बायकांना बीपी कसं झालं, असं एका नवऱ्यानं मला काळजीनं विचारलं होतं. मी म्हटलं, पाण्याची ओढाताण आहे, असेल त्यानं.

शेडमध्ये काय चालायचं? आधी काहीच नाही. शेंगा सोलायच्या, लेकरांची डोकी बघायची. मग कधीतरी एखादी बोलायची आणि बाकीच्यांचे हात थांबायचे. सिस्टर भाषण करायच्या नाहीत. कायदा काय म्हणतो, अर्ज कुठं द्यायचा, पोलिसात गेल्यावर कागदाची प्रत कशी मागायची, हे त्या औषधाच्या गोळ्या सांगाव्यात तसं सांगायच्या. सकाळी हे, संध्याकाळी ते, विसरू नको. त्यातून दहा-बारा जणी तयार झाल्या. कुणाच्या घरी मारहाण झाली की त्यातल्या चौघी दुसऱ्या दिवशी उजेडी त्या घरी जाऊन बसायच्या. नुसत्या बसायच्या. त्याला त्या 'बसायला जाणं' म्हणायच्या. पण जिच्या घरी जायचं तिनं हो म्हटल्याशिवाय सिस्टर कुणाला हलू द्यायच्या नाहीत. "मार तिला खावा लागतो. आपण चहा पिऊन परत येतो. तिला विचारल्याबिगर पाऊल नाय टाकायचं."

हे सगळं पत्र्याच्या वस्तीतलं आहे अशी माझी समजूत होती. मी गारखेड्यात रो-हाउसमध्ये राहायचो. शेजारी एक प्राध्यापक होते, गोड बोलायचे, दिवाळीला आमच्याकडं फराळाला यायचे. आमच्या दोन घरांत एकच भिंत.

एका सकाळी त्यांची बायको, वैशाली वहिनी, दवाखान्याच्या दारात आली. पदर कानावरून ओढलेला. खिडकीत मला पाहिलं आणि ती वळून चालू लागली.

सिस्टर दारातच होत्या. "वळखीची?"

"शेजारी राहतात."

"मग परत का गेली?"

मी पेनाचं टोपण लावत बसलो.

"तुमच्या घरात ऐकू येतं का?"

लवंग या गालातून त्या गालात गेली. शेवटी मी म्हटलं, "येतं."

"कधीपासनं?"

"दोन वर्षं झाली असतील."

"मग तुम्ही काय करता?"

आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो. मी तेच सांगितलं. वाटलं, आता या मला फाडून खाणार. त्या पेला भरून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मिसेसना सांगा, वैशालीबाईंना गच्चीवर गाठून विचारा. आम्ही आलो तर चालंल का. हो म्हटली तर गुरुवारी बीपी उरकून येतो. मेथीच्या दोन जुड्या आणून ठेवा."

माझ्या बायकोनं, सुनंदानं, विचारायला चार दिवस घेतले. वैशाली वहिनी आधी नाही म्हणाली. मग संध्याकाळी गच्चीवरून हाक मारून म्हणाली, "येऊ द्या."

त्या गुरुवारी सिस्टर, वस्तीतल्या दोघी आणि सुनंदा अशा चौघी मेथी घेऊन प्राध्यापकांच्या हॉलमध्ये खाली बसल्या. पाच वाजता सर आले. सुनंदानं मला नंतर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काय काम होतं?"

"काम कसलं, भाजी निवडतोय," सिस्टर म्हणाल्या. "बसा की सर."

सर आत गेले. पुढच्या गुरुवारी त्या परत गेल्या. त्याच्या पुढच्याही. कुणी कशाचा उच्चार केला नाही. चौथ्या गुरुवारी सरांनी बॅग आपटली आणि ओरडले, "हे माझं घर आहे! कोण बोलावतं तुम्हाला?"

सिस्टर उत्तर देणार होत्या, पण त्याआधी वैशाली वहिनी बोलली. काड्या आणि पानं वेगळी करता करता, वर न बघता. "मी बोलावते. माझ्याकडं आल्यात त्या. बसू द्या."

सर चपला घालून बाहेर गेले. वैशाली वहिनी वर्षभरानं मुलीला घेऊन वेगळी राहिली, एका शाळेत लागली. निघून जा, असं तिला सिस्टर एकदाही म्हणाल्या नव्हत्या. मी मात्र त्यानंतर कितीतरी महिने टीव्हीला हात लावला नाही.

सिस्टरांची खरी कसोटी पुढच्या उन्हाळ्यात लागली.

त्या वर्षी फेब्रुवारीतच बोअर आटले. दवाखान्याला पाणी द्यायचे ते आप्पा. त्यांचे सात टँकर होते. आमच्या हौदात ते आठवड्याला एक टँकर फुकट ओतायचे आणि ट्रस्टच्या कार्यक्रमांत पहिल्या रांगेत बसायचे. त्या दिवसांत आमच्या भागात त्यांच्याएवढा मोठा माणूस दुसरा नव्हता. कुणाच्या गल्लीत टँकर आधी जाणार, हे तेच ठरवायचे.

एका दुपारी त्यांची जीप थांबली. त्यांची बायको शोभाताई उतरली. उजवा हात डाव्या हातानं धरलेला. मागून आप्पा. "टँकरच्या पायपात पाय अडकून पडली," आप्पाच म्हणाले. "बांधून द्या, मोठ्या दवाखान्यात नेतो."

"शेठ, बाहेर बसा," सिस्टर म्हणाल्या. "बाईमाणसाचं पोलकं कापावं लागंल."

आप्पा नाइलाजानं बाहेर जाऊन जीपला टेकले. पडद्याआड ठरलेलं वाक्य झालं. मग शोभाताईचा आवाज, अगदी साधा, कुणी पत्ता सांगावा तसा. "लोखंडी पान्यानं मारलं. टँकरचा असतो ना, त्यानं."

सिस्टरांनी फळीला हात बांधला. जखमेचं माप घेतलं. आणि रजिस्टरात तिनं सांगितलं तसं लिहून तिचा डाव्या हाताचा अंगठा घेतला. शोभाताईला सही येत होती, पण उजवा हात चालत नव्हता.

तिसऱ्या दिवशी शोभाताई भावाच्या घरून पोलिसात गेली. चौथ्या दिवशी ट्रस्टचे एक विश्वस्त दवाखान्यात आले. चांगला माणूस, खरं तर. घाम पुसत म्हणाले, "सिस्टर, एकच पान आहे."

"पान एक हाय," सिस्टरांनी रजिस्टर मध्यात उघडून दाखवलं, "पण हे शिवलेलं हाय, साहेब. इकडचं फाडलं की तिकडचं सुटतं. तिकडं दुसऱ्या बाईचं नाव हाय. तिचं काय करू?"

"पाणी बंद होईल. विचार करा. शंभर पेशंटचा प्रश्न आहे."

"मला नोकरीवरनं काढा," त्या म्हणाल्या. "पण रजिस्टर माझ्या हातनं नाय फाटणार."

त्यांना काढलं नाही. पाणी बंद झालं. सोमवारी हौदाच्या तळाला चिखल दिसत होता. डॉक्टर म्हणाले, हात धुवायला पाणी नसेल तर ड्रेसिंग बंद ठेवा, पर्याय नाही. सिस्टरांनी घरून सायकलवर दोन कॅन आणवले, ते अकरा वाजेपर्यंत संपले.

मंगळवारी सकाळी मी कुलूप उघडायला गेलो तर पायरीवर मंगल बसली होती. शेजारी भरलेली कळशी. मला म्हणाली, "आत ठिवा, सांडंल." थोड्या वेळानं दुसरी आली. मग पत्र्याच्या शेडमधल्या आणखी दोघी-तिघी. त्यांच्यातल्या एकीचा नवरा आप्पांच्याच टँकरवर ड्रायव्हर होता. ती पातेलं पदराखाली झाकून घेऊन आली.

वस्तीत तेव्हा पाणी कसं मिळत होतं ते मी पाहत होतो. चार-चार दिवसांनी टँकर, एका घराला दोन ड्रम. लेकरांच्या आंघोळी बंद झालेल्या. त्यातली कळशी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. सगळ्याच बायका आल्या असं नाही. काहींनी दार लोटून घेतलं आणि मला त्यांचा राग आला नाही. पण रोज सकाळी पायरीवर काही ना काही असायचं, कधी कळशी, कधी तांब्या. एकदा एका म्हातारीनं औषधाची बाटली भरून आणली. सिस्टर प्रत्येक भांडं हातात घेऊन बघायच्या, गाळायच्या, उकळायच्या. "तुला पुरतंय का?" हे विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. दोघींना त्यांनी भरल्या कळशीनिशी परत पाठवलं.

पाऊस होईपर्यंत, म्हणजे चार महिने, ड्रेसिंग रूम एक दिवसही बंद राहिली नाही. एका संध्याकाळी मी सिस्टरांना हौदापाशी उभं पाहिलं. उकळलेलं पाणी कॅनमध्ये ओतून झालं होतं आणि त्या पातेलं हातात घेऊन नुसत्या उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "जोशीभाऊ, मी लई मोठं काम करते असं मला वाटायचं." मग पातेलं पालथं घालून आत गेल्या.

खटला उभा राहायला दिवाळी उलटली. रजिस्टर कोर्टात न्यायचं काम कारकून म्हणून माझ्याकडं आलं. मी ते पिशवीत घालून छातीशी धरून नेलं. सिस्टर धुतलेले कॅनव्हासचे बूट घालून आल्या होत्या.

आप्पांचे वकील नावाजलेले होते. त्यांनी अगदी अदबीनं सुरुवात केली. "आपण डॉक्टर आहात का?"

"नाय."

"एक्स-रे आपण वाचू शकता?"

"नाय."

"मग बाई पडलेली नाही, हे आपण कशावरून सांगता?"

"साहेब, पडणारा माणूस हात पुढं टाकतो," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात दोन्ही तळवे पुढं केले. "तळव्याला खरचटतं. माती जाते. तीस वर्षं मी तळव्यातली माती काढते. हिच्या तळव्याला मेंदी व्हती. ताजी. एक रेघ हलली नव्हती." मग त्यांनी उजवा हात कोपरातून मुडपून डोळ्यांपुढं आडवा धरला. "मार चुकवणारा माणूस हात असा धरतो. मग हाड हितं मोडतं, भायेरच्या अंगाला. तिचं हितंच मोडलंय."

त्या हात तसाच धरून उभ्या राहिल्या. कोर्टात बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं, जिचा या खटल्याशी काही संबंध नव्हता, आपला हात हळूच पदराखाली घेतला. ते मी पाहिलं. वकिलांनी पुढचा प्रश्न विचारायला कागद चाळले आणि खाली बसले.

शोभाताईला घरात राहायचा हुकूम मिळाला, आप्पांना त्या घरापासून लांब राहायचा. आप्पा वरच्या कोर्टात गेले, ते पुढं बरीच वर्षं चाललं. हात मात्र तिचा वाकडाच जुळला. गुरुवारी शेडमध्ये ती डाव्या हातानं शेंगा सोलायची.

त्या दिवशी साक्ष झाल्यावर आम्ही सिटी बसची वाट पाहत बाकावर बसलो होतो. मी भारावून गेलो होतो. म्हटलं, "सिस्टर, आज तुम्ही कमाल केलीत."

त्यांनी लवंग थुंकली. म्हणाल्या, "मी नवीन व्हते तवा फर्दापूरकडच्या एका खेड्यात होते. एक पोरगी यायची, शांता. सासू संगं यायची. मी विचारायची, काय झालं? सासू म्हणायची, पडली. मी लिवायची, पडली. तीनदा आली. चौथ्यांदा आलीच नाय. मेली म्हणून कळलं."

बस आली आणि गेली. त्या उठल्या नाहीत.

"महिन्यानं तिचा बाप आला. लिवता-वाचता येत नव्हतं. म्हणला, बाई, माझ्या लेकीचं नाव हाय का तुमच्या वहीत? वाचून दावा. मी वाचलं. पडली. पडली. पडली. त्यानं ऐकून घेतलं. म्हणला, लहानपणापासनंच धडपडी व्हती ती. मला उगं लोकांचं ऐकून संशय आला. अन् हात जोडून गेला."

त्यांनी पदरानं बुटांवरची धूळ झटकली. "माझ्या अक्षरावर इस्वास ठिवला हो त्यानं."

इतक्या वर्षांत त्यांनी ही गोष्ट एकदाच सांगितली. मीही पुन्हा काढली नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी बसावं, असं आम्हाला वाटत होतं. तोवर दवाखान्यापुढची रानं जाऊन अपार्टमेंटं उभी राहिली होती. रिंगरोड झाला. वाळूजच्या कंपन्यांच्या बसगाड्या आमच्याच रस्त्यानं जायला लागल्या. दुपारी दोनला दुसऱ्या पाळीची बस दवाखान्यासमोर थांबायची. सिस्टर रोज ती बघायच्या. एकदा म्हणाल्या, "जोशीभाऊ, तीस-पस्तीस वर्षं मी बायकांना बांधतेय. मारणारे तर या बसमधनं जातात."

दुसऱ्या दिवशी त्या बसच्या दारात उभ्या. ड्रायव्हर रफिकभाई ओळखीचा होता, त्याच्या पोराची जखम सिस्टरांनी बांधलेली. तरी तो घाबरला. "सिस्टर, मेरी नौकरी जाएगी."

"दोन टप्पे रफिकभाई. दर्ग्याच्या चौकाफुडं उतरते. तुम्ही फकस्त गाडी चालवा, मागं बघू नका."

त्या चढल्या. पन्नास कामगार, निळे गणवेश, मांडीवर डबे. सिस्टरांनी वरची दांडी धरायचा प्रयत्न केला, हात पोचेना, मग सीटची पाठ धरली. नंतर रफिकभाईनंच मला सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्यातला जो बायकोवर हात उचलत नाय, त्यानं खिडकीभायेर बघा. बाकीच्यांनी माझ्याकडं बघा."

अख्खी बस खिडकीबाहेर बघायला लागली.

"लई झाक," सिस्टर म्हणाल्या. "सगळेच शहाणे. मग माझ्याकडं येतात त्या बायका कुणाच्या हायत?"

कुणीतरी मागून शिटी वाजवली. एक जण म्हणाला, "आजी, घरी जाऊन माळ जपा." दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा चढल्या. तिसऱ्या दिवशी एकानं त्यांना बसायला जागा दिली, त्यांनी घेतली नाही. एका सुपरवायझरनं तक्रार केली, तेव्हा चार दिवस त्या बसमागून रिक्षानं गेल्या आणि पुढच्या थांब्यावर खाली उभ्या राहून बोलल्या. पाचव्या दिवशी रफिकभाईनं दार उघडं ठेवलं आणि म्हणाला, "जो होगा देखा जाएगा. चढिए."

वर्ष उलटलं तरी हे चालूच होतं. उन्हाळ्यात पत्रा तापलेल्या बसमध्ये, साठीची बाई. काय मिळालं त्यातून, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "काय की. शिट्या बंद झाल्या."

पुढं त्यांचे मिस्टर वारले. गुडघे गेले होते, म्हणून लेकीनं त्यांना फर्दापूरला नेलं, आणि तिथंच दोन वर्षांनी त्या गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लेकीकडं जायच्या आधीच्या आठवड्यात, आणि त्यांना ते माहीतही नाही.

दर्गा चौकात सिग्नलला मी स्कूटरवर उभा होतो. शेजारी येऊन ती बस थांबली. मी सवयीनं वर पाहिलं, सिस्टर दिसतील म्हणून. दिसल्या. पण त्या उभ्या नव्हत्या. दाराजवळच्या पहिल्या सीटवर मागं वळून बसल्या होत्या, हनुवटी तळव्यावर टेकवून. त्या ऐकत होत्या.

मधल्या वाटेत एक कामगार उभा होता. चाळिशीचा, डोक्यावरचे केस विरळ झालेला, गणवेशाची वरची गुंडी तुटलेली. तो बोलत होता. सगळी बस त्याच्याकडं बघत होती. बोलता बोलता तो थांबला, मनगटानं नाक पुसलं, आणि मग वाकून त्यानं हात पुढं केला, तळवा खाली. लेकराची उंची दाखवतात तसा. तेव्हा लेकरू एवढं होतं, असं काहीतरी सांगत असावा.

काच बंद होती. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. सिग्नल सुटला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. बस वळून वाळूजच्या रस्त्याला लागली तरी तो तसाच वाकून उभा होता, आणि त्याचा हात जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर थांबला होता.